खोडलेला स्वर : बाख, ल्यूट आणि माहीमचे एक गिटार

गेल्या काही धाग्यांत आपण सनदा पाहिल्या, बखरी पाहिल्या, नाण्यांवरचे झिजलेले अक्षर वाचण्याचा खटाटोप केला. आजचा धागा त्या रस्त्यावरून थोडा बाजूला वळतो. विषय आहे बरोक काळातले युरोपीय संगीत आजच्या गिटारवर आणण्याचा. 'यात इतिहास कुठे आला?' असे कुणी विचारील. अस्सल प्रत, नक्कल, पाठभेद, बनावट कागद हे आपले नेहमीचे सगळे सोबती यात आहेत. शिवाय माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगण्यासाठीच खरे तर हा धागा लिहायला घेतला. लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते. योहान सेबास्टियन बाखने (१६८५–१७५०) गिटारसाठी एकही ओळ लिहिलेली नाही. त्याच्या काळी गिटार नव्हते असे नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात ते मोठ्या मानाने वाजत होते. रॉबेर द व्हिझे याने १६८२ मध्ये आपले गिटारचे पुस्तक या राजालाच अर्पण केले होते. पण ते गिटार म्हणजे लहानसे, नाजूक, तारांच्या पाच जोड्यांचे वाद्य. आज आपण ज्याला क्लासिकल गिटार म्हणतो, त्या सहा सुट्या तारांच्या, रुंद पोटाच्या वाद्याला आजचा घाट मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराच्या हातून. म्हणजे गिटारवर वाजणारा प्रत्येक बाख हे रूपांतर असते.

तुम्ही म्हणाल, मग त्या प्रसिद्ध 'बूरे'चे काय? गिटार शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी ती ई मायनरमधली बूरे वाजवतोच. जेथ्रो टल या इंग्लिश रॉक बँडने १९६९ मध्ये तिचे बासरीवर जे केले, तेही तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ती बूरे ज्या रचनामालेतली आहे, तिचा बाखच्या रचनासूचीतला क्रमांक ९९६. आज तिच्या छापील प्रतींवर 'ल्यूट सूट क्रमांक १' असे ठसठशीत लिहिलेले असते. मात्र बाखच्या हातची प्रत उपलब्ध नाही. त्याचा नातलग आणि संगीतकार योहान गॉटफ्रीड वाल्टर याने केलेली नक्कल आहे, आणि तिच्यावर दुसऱ्याच कुणाच्या हस्ताक्षरात दोन शब्द आहेत, ज्यांचा अर्थ 'लाउटेनवेर्कवर' असा होतो.

लाउटेनवेर्क म्हणजे ल्यूट नव्हे. हे पेटीसारखे पट्ट्या असलेले, पण आतड्याच्या तारा लावून ल्यूटसारखा आवाज काढणारे वाद्य. बाख १७५० मध्ये वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली, तिच्यात अशी दोन वाद्ये नोंदलेली आहेत. त्याचा शिष्य आग्रिकोला याने १७४० च्या सुमारास असे एक वाद्य पाहिल्याची आठवण लिहून ठेवली आहे. त्याची कल्पना बाखची, बांधणी त्साखारियास हिल्डेब्रांटची. म्हणजे गिटारवाल्यांची सर्वांत लाडकी 'ल्यूटची' रचना बहुधा ल्यूटचा भास निर्माण करणाऱ्या पट्टीवाद्यासाठी होती. नकलेची नक्कल! मला स्वतःला हे कळले तेव्हा आनंदच झाला. माझ्या सरांना झाला नाही.

सरांविषयी थोडे सांगायला हवे. मी बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे गिटार शिकत होते, माहीमला, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या समोरच्या खोलीत. ते मूळचे गोव्यातले, सासष्टीचे. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. सर त्याच शाळेत तयार झालेले. विशीच्या आत मुंबईला आले आणि गोव्याच्या शेकडो वादकांप्रमाणे चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणाला जाऊ लागले. हा इतिहासही कधीतरी स्वतंत्र धाग्यात मांडायला हवा. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी, आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर ती पन्नास-पन्नास वाद्यांसाठी कागदावर उतरवीत. सर त्या कागदांच्या नकला करायचे: प्रत्येक वादकासाठी वेगळी, रात्रभर बसून. 'गाणं म्युझिक डायरेक्टरचं, कागद आमचा,' असे ते म्हणत.

त्यामुळे त्यांच्याकडे छापील पुस्तके फार थोडी होती. जे होते ते हाताने उतरवलेले. माझ्या हाती पहिल्यांदा बाख आला तो त्यांच्या निळ्या शाईतल्या अक्षरात, कडा पिवळ्या पडलेल्या कागदावर. शाईच्या वर शिसपेन्सिलीने कोणते बोट कुठे ठेवायचे त्याचे आकडे. खुल्या तारेसाठी शून्य.

त्या कागदांत एक सराबांद होती. सराबांद हा तीन मात्रांचा संथ नृत्यप्रकार. बाखने तो इतका संथ आणि इतका एकाकी केला की त्यावर कुणी नाचण्याची कल्पनाही करवत नाही. मूळ रचना चेलोच्या पाचव्या सूटमधली, क्रमांक १०११. अवघ्या वीस बारांची, आधी आठ आणि मग बारा. चेलोवर दोन-तीन तारा एकदम छेडून कॉर्ड वाजवता येतात आणि बाख या सहाही सूटमध्ये ते करतो. पण या सराबांदीत एकदाही नाही. एका वेळी एकच स्वर. आधाराला खर्ज नाही, सोबत नाही. कान स्वतःच खालचे न वाजलेले स्वर कल्पून घेतो.

इथून कथा आपल्या प्रांतात शिरते. चेलोच्या सूटची बाखच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. आपण ज्या प्रतींवर विसंबतो त्यांतली सर्वांत प्रसिद्ध त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल. पण याच पाचव्या सूटचे ल्यूटसाठी केलेले रूपांतर, क्रमांक ९९५, मात्र खुद्द बाखच्या हस्ताक्षरात आहे. ते ब्रसेल्सला, बेल्जियमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. काळ साधारण १७२७ ते १७३१. मुखपृष्ठावर फ्रेंचमध्ये लिहिले आहे की हे तुकडे ल्यूटसाठी, मस्यू शूस्टर यांच्याकरिता. हा शूस्टर म्हणजे लाइपझिगचा पुस्तकविक्रेता असावा असे अभ्यासक मानतात. ल्यूट हा शब्द फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. बाखने तो स्त्रीलिंगी करून टाकला आहे. थोरांच्या अशा चुका पाहिल्या की मला फार बरे वाटते.

म्हणजे विचार करा: मूळ रचनेची अस्सल प्रत नाही, रूपांतराची आहे. आणि रूपांतर करणारा हात मूळ रचनाकाराचाच. स्वतःच्या संगीताला एका वाद्यावरून दुसऱ्या वाद्यावर नेताना बाखने काय सोडले, काय धरले, काय नवे घातले, हे आपण ओळीओळीने ताडून पाहू शकतो. रूपांतराचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. त्याने सी मायनरची रचना जी मायनरमध्ये आणली. जिथे चेलोने एकाच स्वरधारेतून दोन-तीन आवाजांचा आभास केला होता, तिथे त्याने ते आवाज खरोखर लिहिले. प्रील्यूडच्या दुसऱ्या, वेगवान भागात हे स्पष्ट दिसते. चेलोवर एकटाच माणूस स्वतःशी वाद घालतो आहे असे वाटते, तर ल्यूटवर दुसरा माणूस खरोखर खोलीत येतो. आणि सराबांदीत? तिथे त्याने खाली खर्जाचे स्वर ठेवले, पण अगदी मोजके. एकाकीपण घालवले नाही, फक्त पायाखाली जमीन दिली.

गंमत अशी की ही 'अस्सल' प्रतही वाजवायला सरळ नाही. त्या काळच्या जर्मन ल्यूटला बहुधा तारांच्या तेरा जोड्या असत. बाख मात्र एक असा खालचा जी मागतो, जो चौदाव्या जोडीवाचून मिळत नाही. शिवाय ल्यूटवादक स्वरलेखन नव्हे, टॅब्लेचर वाचत. त्यात स्वर लिहिलेला नसतो. कोणत्या तारेवर कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे ते लिहिलेले असते. बाखने लिहिली आहे ती साध्या, दोन ओळींच्या पट्ट्यांत. तो स्वतः ल्यूट वाजवत असल्याचा पुरावा नाही. त्यामुळे त्याच्याच काळात कुणा ल्यूटवादकाने ही रचना टॅब्लेचरमध्ये उतरवून घेतली. ती प्रत लाइपझिगला आहे. त्या अनाम वादकाने ती आपल्या वाद्याच्या मर्यादेत बसवली आणि हाताच्या सोयीने बदल केले, अलंकारही घातले. हे सगळे बाखच्या हयातीच्या आसपास, त्याच्याच गावच्या परिसरात.

आता माझी चूक.

मी पुण्याला इतिहासाच्या एम.ए.ला आले. मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. उजव्या हाताची नखे गिटारसाठी वाढवलेली आणि डाव्या हाताची मुळापर्यंत कापलेली, असे हात घेऊन जुने कागद हाताळायला बसले की शेजारचे विद्यार्थी चमकून बघत. पहिल्या सहा महिन्यांत इतिहासाच्या विद्यार्थ्याला जे होते ते मलाही झाले: अस्सल कागदाचे वेड लागले. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढून जो संस्कार घातला, तो अजून आपल्या अंगात आहे. बखरकार काय म्हणतो ते बाजूला ठेवा. पत्र दाखवा, तारीख दाखवा. हे वेड चांगलेच. पण नवे वेड लागलेला माणूस घरी गेला की घरच्यांची पंचाईत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेले तेव्हा मी ब्रसेल्सच्या हस्तलिखिताची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन गेले होते. बाखची हस्तलिखिते आता घरबसल्या पाहता येतात. सरांची सराबांद मी त्यांच्याशी स्वर अन् स्वर ताडून पाहिली होती. एक फरक सापडला होता. दुसऱ्या भागात एके ठिकाणी सरांच्या कागदावर खर्जात एक 'ए' होता, खुली पाचवी तार. (गिटारवर ही रचना साधारणपणे ए मायनरमध्ये वाजवतात, म्हणून ल्यूटचा जी तिथे ए होतो.) बाखच्या कागदावर त्या जागी खाली काहीच नव्हते.

"सर, हा स्वर बाखचा नाही," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला. मोबाइलचा पडदा दोन बोटांनी मोठा करून बघितला. बराच वेळ. "हे त्याचं स्वतःचं अक्षर?"

"हो."

"छान लिहितो," ते म्हणाले. अठराव्या शतकातल्या माणसाविषयी ते नेहमी वर्तमानकाळातच बोलत. मग त्यांनी टेबलावरचे खोडरबर उचलले. बहुधा तो स्वर शाईत नव्हताच, पेन्सिलीत होता. मी हे तोवर नीट पाहिलेही नव्हते. त्यांनी तो खोडला, कागदावर फुंकर मारली आणि विचारले, "आता बरोबर, बाय?"

मी "बरोबर" म्हणाले. मला तेव्हा जे वाटले त्याला आनंद हाच शब्द आहे.

चाळीस वर्षे वापरात असलेल्या कागदावरचा एक स्वर माझ्या शब्दावरून खोडला गेला. दफ्तरखान्यात कुणी असे केले असते तर आम्ही त्याला दाराबाहेर उभे केले असते.

पुढच्या वर्षी सर गेले. त्यांच्या मुलीने फोन करून सांगितले की बाबांचे कागद तुला द्यायचे ठरले आहे. एक जाड गठ्ठा, वर नाडी बांधलेली. तो पुण्याला आणला आणि वर्षभर उघडला नाही.

उघडला तो एका वेगळ्याच निमित्ताने. मला ती सूट स्वतः गिटारवर उतरवायची होती, सरळ ब्रसेल्सच्या प्रतीवरून, मध्ये कुणी नको. हे काम बाहेरून वाटते तितके कारकुनी नाही. पहिली अडचण खर्जाची. ल्यूटचा तो खालचा जी सुरावटीच्या पट्टीबदलानंतर जिथे येतो, तिथे गिटारला तारच नाही. गिटारचा सर्वांत खालचा स्वर ई. मग तो एक सप्तक वर आणावा लागतो. एकटा स्वर वर आणला तर पायऱ्या उतरणारी खर्जाची ओळ मध्येच उडी मारते. जिना उतरताना अचानक वरच्या मजल्यावर आल्यासारखे. म्हणून आणखी आधीपासून ओळ वर घ्यायची. कुठून? तिथे कोणताही नियम पुरा पडत नाही, फक्त कान. आणि फार वर घेतली तर ती मधल्या आवाजाच्या अंगावर जाते.

दुसरी अडचण नादाची. चेलोला गज आहे, स्वर हवा तितका लांबवता येतो. ल्यूटच्या खर्जाच्या तारा मानेच्या बाहेर, खुल्या असतात. एकदा छेडली की डावा हात कुठेही जाओ, ती घुमत राहते. गिटारला गज नाही, आणि खुल्या खर्जाच्या तारा तीनच. डावे बोट उचलले की स्वर मेला. सराबांदीसारख्या उघड्या रचनेत तो मेलेला क्षण भिंतीवरच्या भेगेसारखा दिसतो.

(आडवळण घेते, पण राहवत नाही. ज्यांना वाटते की टॅब्लेचर असले की प्रश्न मिटला, त्यांनी गास्पार सांझ वाजवून पाहावा. त्याचे पुस्तक १६७४ मध्ये सारागोसाला निघाले. तो आकड्यांनी तारा आणि पडदे नेमके सांगतो. त्याच्या पट्टीत सर्वांत वरची ओळ ही पाचव्या जोडीची, म्हणजे आजच्या वाचकाच्या दृष्टीने उलटी. आकडे तसेच्या तसे आजच्या गिटारवर वाजवले तर सुरावट मध्येच एक सप्तक खाली कोसळते. कारण चौथ्या आणि पाचव्या जोडीला तो जाड तारा लावीतच नाही. त्या वरच्या सप्तकात असतात, आणि त्याच्या गिटारचा सर्वांत खालचा स्वर मधल्या, तिसऱ्या जोडीचा. लेख अस्सल, वाचन अचूक, आणि तरी निघते ते चूक. कागदाबाहेरची तार ठाऊक नसेल तर कागद बोलत नाही. मोडी वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.)

तर मी माझे रूपांतर करत होते आणि दुसऱ्या भागात एका जागी अडले. डाव्या हाताला मानेवर वरून थेट खाली यायचे होते. मधला क्षण रिकामा पडत होता. मी बोटांचे क्रम बदलले, तारा बदलल्या, आठवडा घालवला. भेग जाईना. शेवटी सरांनी काय केले होते ते पाहावे म्हणून गठ्ठा सोडला.

वर सराबांद नव्हतीच. वर होती ए मायनरमधली एक सूट, आणि सरांच्या सुंदर अक्षरात रचनाकाराचे नाव: एस. एल. व्हाइस. ते पाहून मी क्षणभर सगळे विसरले. सोळाव्या वर्षी मी हिचा प्रील्यूड एका कार्यक्रमात वाजवला होता आणि सरांनी माइकवरून अभिमानाने सांगितले होते, 'बाखचा मित्र व्हाइस.' सिल्व्हियस लेओपोल्ड व्हाइस (१६८७–१७५०) हा ड्रेस्डेनच्या दरबारातला ल्यूटवादक खराच होता, बाखच्याच वर्षी वारला, आणि १७३९ मध्ये लाइपझिगला बाखच्या घरी येऊन गेल्याची नोंद आहे. ही सूट मात्र त्याची नाही. ती मेक्सिकन संगीतकार मानुएल पोन्से (१८८२–१९४८) याने १९२९ च्या सुमारास लिहिली, आणि आंद्रेस सेगोव्हियाने ती व्हाइसच्या नावावर मैफलींत वाजवली, ध्वनिमुद्रितही केली.

हा आपल्या भाषेत सरळ बनावट कागद. त्या काळी अशी थट्टा नवी नव्हती. व्हायोलिनवादक फ्रित्स क्राइस्लरने आपल्याच रचना जुन्या संगीतकारांच्या नावे खपवल्याचे १९३५ मध्ये कबूल केले. व्हाइसचे नाव सोयीचे होते. त्याच्या खऱ्या रचना लंडन आणि ड्रेस्डेनच्या हस्तलिखितांत शेकड्यांनी होत्या, पण टॅब्लेचरमध्ये, आणि ते वाचणारे गिटारवादक विरळा. तपासणार कोण? सेगोव्हियाने पोन्सेला लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. सेगोव्हियाविषयी माझे मन दुभंगलेले आहे. १९३५ मध्ये पॅरिसला त्याने बाखची 'शाकोन' गिटारवर वाजवली नसती, तर आमच्या या वाद्याला मैफलीत आजची जागा मिळती ना. आणि तोच माणूस दुसऱ्याच्या सहीने मित्राची रचना ऐकवत होता. पोन्सेचा प्रील्यूड सुंदर आहे, हे तर आणखीच अडचणीचे.

मी पेन्सिल उचलली. व्हाइसचे नाव खोडावे असे पहिल्यांदा मनात आले, हे लपवत नाही. मग त्याच्या खाली, माझ्या अक्षरात, 'वस्तुतः पोन्से' एवढेच लिहिले. सरांची शाई तशीच ठेवली.

सराबांद गठ्ठ्याच्या तळाशी होती. मी अडले होते तोच बार. खर्जाची जागा रिकामी, कागद तिथे किंचित खरखरीत. आणि त्या रिकाम्या जागेखाली एक शून्य. सरांनी स्वर खोडला होता, खुल्या तारेचे शून्य खोडायला विसरले होते. खाली स्वर नाही आणि शून्य तेवढे लटकलेले.

मी गिटार घेतले आणि ते शून्य वाजवले. खुली पाचवी तार घुमू लागली, आणि ती घुमत असताना डावा हात वरून खाली येऊन आपल्या जागी बसला. भेग नव्हती. सरांनी बाखमध्ये स्वर घुसडला नव्हता. ल्यूटच्या मानेबाहेरची एक खुली तार त्यांनी गिटारला उसनी दिली होती. ब्रसेल्सची प्रत न पाहता. लाइपझिगच्या त्या अनाम ल्यूटवादकाने जे केले, तेच माहीमच्या दुसऱ्या मजल्यावर झाले होते.

रात्री दिवे घालवून मोबाइलची बत्ती कागदाला जवळजवळ समांतर धरली. पुसट लेखासाठी आम्हांला हीच युक्ती शिकवतात. तिरप्या उजेडात दाबाचे वळ दिसतात. दिसले. गोल, दांडी, आणि दांडीजवळ आणखी एक फिकट वळ: तो स्वर पूर्वीही कधी तरी खोडून पुन्हा लिहिलेला होता. म्हणजे सरांनाही त्याची खात्री एका दिवसात झाली नव्हती.

पुण्यात राहून मला आठवले ते भांडारकर संस्थेचे महाभारत. १९१९ ला सुरू झालेले आणि १९६६ ला पुरे झालेले ते संशोधित आवृत्तीचे काम आपण मागे एका धाग्यात पाहिले आहे. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून संहिता ठरवली. पण जे श्लोक संहितेबाहेर पडले ते फेकून दिले नाहीत. तळटीपेत आणि परिशिष्टांत त्यांना घर दिले, कोणत्या प्रांताच्या कोणत्या प्रतीत ते आहेत त्या नोंदीसकट. मी दिवाळीत सरांसमोर बसले होते तेव्हा हे मला ठाऊक होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते.

माझे रूपांतर आता पुरे झाले आहे. सराबांदीच्या त्या बारात वरची संहिता बाखची आहे, खर्ज रिकामा. तळटीपेत लिहिले आहे: 'माहीम प्रत : ए, खुली पाचवी तार, शिसपेन्सिल, खोडलेला, दाबाचा वळ स्पष्ट.' प्रत कुणाच्या हातची ते सरांच्या मुलीला विचारून मगच लिहीन.

वाजवताना काय करते असे कुणी विचारील म्हणून सांगते. बरोक नृत्यरचनेचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. दुसऱ्या खेपेस वादकाने थोडे आपले घालावे अशी त्या काळची रीत होती. पहिल्या खेपेस मी तो बार बाखच्या कागदाप्रमाणे वाजवते. भेग पडते; पडू देते. दुसऱ्या खेपेस अंगठा पाचव्या तारेवर जातो.